एक्स-आं-प्रोव्हाँसची मिठाई: मराठवाड्यातील घरासाठी काय घ्यावे, काय तिथेच खावे

फ्रान्सच्या दक्षिणेकडील एक्स-आं-प्रोव्हाँस या शहरापासून सुमारे 40 किलोमीटरवर, कादाराश येथे, ईटर हा आंतरराष्ट्रीय अणुसंमीलन प्रकल्प उभा राहत आहे. भारत त्यात भागीदार असल्याने आपल्याकडील अभियंतेही तेथे कामाला असतात आणि त्यांपैकी बरेच जण एक्समध्ये बिऱ्हाड करतात. आमचा मुलगा त्यांतलाच एक असल्यामुळे या शहरातील मिठाईची दुकाने मला निवांतपणे पाहता आली आणि तेथून आलेले डबे लातूरच्या घरी उघडल्यावर कोण काय खाते, हेही पाहता आले. पर्यटकांसाठी लिहिलेल्या शिफारशींत सारेच उत्तम असते. आपल्याकडील वाचकाला मात्र कोणता पदार्थ प्रवासात आणि उन्हाळ्यात टिकतो, कशात अंडे आहे आणि घरातील वडीलधारी मंडळी तो तोंडात घालतील का, हे आधी कळायला हवे. पुढील परीक्षण त्याच दृष्टीने लिहिले आहे.

एक्सची मिठाई म्हणजे प्रथम कालिसाँ. दोन्ही टोकांना निमुळता, होडीच्या आकाराचा, बोटभर लांबीचा हा तुकडा तीन थरांचा असतो. तळाशी कागदाइतका पातळ, बिनखमिराचा पापुद्रा, मधे सोललेले बदाम आणि साखरेच्या पाकात मुरवलेले खरबूज एकत्र वाटून केलेला मऊ गोळा, आणि वर पांढऱ्या साखरेचा गुळगुळीत लेप. खरबुजाबरोबर मुरवलेल्या संत्र्याची थोडी सालही घालतात. साच्यात दाबून आकार दिल्यावर वरचा लेप सुकावा एवढ्यापुरताच तो काही मिनिटे मंद भट्टीत ठेवतात, त्यामुळे आतला भाग भाजला न जाता ओलसर राहतो. या पदार्थाचे सारे यश त्या ओलाव्यात आहे. ताज्या कालिसाँचा लेप दाताखाली किंचित कुरकुरतो, नंतर बदाम लागतो आणि खरबुजाचा सुगंध सर्वांत शेवटी, गिळून झाल्यावर जाणवतो. शिळ्या कालिसाँमध्ये लेप टणक होतो, गोळा कोरडा पडतो आणि केवळ गोडवा उरतो.

पंधराव्या शतकात प्रोव्हाँसवर राज्य करणाऱ्या राजा रने याने 1454 मध्ये जान द लाव्हाल हिच्याशी विवाह केला तेव्हा, क्वचितच हसणाऱ्या या वधूसाठी राजाच्या आचाऱ्याने हा पदार्थ केला, अशी कथा प्रत्येक दुकानात ऐकवली जाते. ती कथा म्हणूनच ऐकावी. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी सां-जां-द-माल्त या चर्चमध्ये कालिसाँना आशीर्वाद देण्याचा समारंभ होतो. 1630 च्या सुमारास आलेल्या प्लेगच्या वेळी केलेल्या नवसाशी तो जोडलेला आहे. नवस आणि प्रसाद ही जोडी आपल्याला समजावून सांगावी लागत नाही, त्यामुळे त्या दिवशी गावात असलेल्या मराठी माणसाने हा समारंभ चुकवू नये.

दुकानांविषयी माझी मते स्पष्ट आहेत. 1874 पासून चालत आलेले लेओनार पार्ली हे नाव मी पहिले ठेवते. येथील कालिसाँमध्ये बदाम पुढे आणि साखर मागे राहते. शिवाय बिस्कोतँ नावाचा, भाजलेल्या हेझलनटभोवती बिस्किटाचे आवरण असलेला गोटीएवढा प्रकारही येथे मिळतो, त्याकडे पर्यटकांचे फारसे लक्ष जात नाही, आणि चहाबरोबर खायला मला तो कालिसाँपेक्षाही आवडतो. कूर मिराबो या चिनारांनी सावली धरलेल्या मुख्य रस्त्यावरील बेशार येथे खरेदी जवळच्या लोकांचीही असते, त्यामुळे माल हलता राहतो. 1830 चा वारसा सांगणारे ब्रेमाँ हे दुकान त्याच रस्त्याच्या पलीकडे, इटली रस्त्यावर आहे. 1920 मध्ये सुरू झालेली रुआ रने ही यांतली सर्वांत मोठी संस्था असून शहराबाहेरील तिच्या कारखान्यात कालिसाँचे संग्रहालय आहे. लहान मुले बरोबर असतील तर तेथे जावे, कारण पदार्थ कसा घडतो हे एका फेरीत कळते. या चारांपैकी कोठूनही घेतले तरी निराशा होऊ नये. निराशा होते ती मुख्य रस्त्यांवरील स्मरणवस्तूंच्या दुकानांत, जेथे साबण आणि मिठाई एकाच मांडणीत असते आणि कालिसाँ हिरव्या, जांभळ्या, गुलाबी रंगांत मिळतात. फळांचे आणि फुलांचे सुगंध घालून केलेल्या त्या प्रकारांत खरबूज हरवते. पांढरा, साधा कालिसाँच घ्यावा आणि थोडाच घ्यावा.

भाव अधिक वाटतो, आणि तो अकारण नाही. प्रोव्हाँसमधील बदामाच्या बागा विसाव्या शतकात फार घटल्या, आता बराचसा बदाम स्पेन आणि कॅलिफोर्नियातून येतो. खरबूज मुरवण्याचे काम तर सावकाशच करावे लागते. स्वस्त डबा दिसला तर त्यात बदाम किती टक्के आहे, ते वेष्टनावर पाहावे. तेथील नियमांमुळे हा आकडा बहुधा छापलेला असतो.

आता अंड्याविषयी. आमच्या आत्याबाईंनी डबा हातात घेण्यापूर्वीच विचारले, ‘‘यात अंडं तर नाही ना टाकलेलं?’’ कालिसाँच्या वरच्या पांढऱ्या लेपात अंड्याचा पांढरा भाग असतो, हे सांगितल्यावर त्यांनी डबा सरळ सुनेकडे सरकवला. बदाम आणि फळ पाहून तो शाकाहारी समजणारे अनेक जण भेटतात, म्हणून हे ठळकपणे लिहीत आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार अंडे, दूध, गहू, सुकामेवा यांसारखे ॲलर्जी होऊ शकणारे घटक वेष्टनावरील यादीत वेगळ्या, बहुधा जाड अक्षरांत छापावेच लागतात, त्यामुळे भाषा येत नसली तरी ते सहज सापडतात. प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेले जिलेटिन या यादीत नसल्याने ते मात्र साध्या अक्षरांतच दडलेले असते. मूस हा फेटून हलका केलेला मऊ गोड पदार्थ आणि चकाकणारा थर असलेले केक यांमध्ये ते वारंवार वापरतात, तेव्हा काउंटरवर विचारून घेणे चांगले.

आत्याबाईंसाठी पुढच्या वेळी पाकात मुरवलेली फळे आणि काळा नूगा (मध-बदामाची वडी) आला, आणि माझ्या मते मराठवाड्यातील घरासाठी हीच खरी खरेदी आहे. एक्सच्या उत्तरेला असलेले आप्त हे गाव मुरवलेल्या फळांसाठी फ्रान्सभर ओळखले जाते. जर्दाळू, अंजीर, नासपती, खरबुजाच्या फोडी, सबंध क्लेमेंटाइन संत्रे, अशी फळे आधी उकळत्या पाण्यातून काढतात आणि मग एकापाठोपाठ एक अधिकाधिक घट्ट होत जाणाऱ्या पाकात ठेवतात. फळातील पाणी हळूहळू बाहेर जाते आणि त्याची जागा साखर घेते. घाई केली तर फळ आक्रसते, म्हणून हे काम कित्येक दिवस, मोठ्या फळांबाबत आठवडे चालते. चांगल्या प्रतीचे फळ कापल्यावर आरपार प्रकाश जावा इतके पारदर्शक दिसते आणि त्याची मूळ चव शाबूत असते. यात अंडे नाही, जिलेटिन नाही, आणि लातूरच्या उन्हाळ्यातही ते घट्ट झाकणाच्या डब्यात नीट राहते. एकादशीला चालेल की नाही, याचा निकाल ज्याच्या त्याच्या घरातील ज्येष्ठांनी द्यावा. लालभडक चेरी तेवढी टाळावी, तिच्यात रंगाशिवाय सांगण्यासारखे काही नसते.

नूगा दोन प्रकारचा असतो. पांढऱ्यात मध, साखर आणि बदाम यांबरोबर अंड्याचा फेटलेला पांढरा भाग असतो. उत्तरेकडील माँतेलिमार गावाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पांढऱ्या नूगामध्ये किमान 30 टक्के बदाम, किंवा 28 टक्के बदाम आणि 2 टक्के पिस्ते, असावे लागतात. काळ्या नूगामध्ये अंडे नसते. मध तांबूस काळा होईपर्यंत कढवून त्यात बदाम टाकतात आणि मिश्रण पातळ पापुद्र्यांमध्ये ओतून थापतात. आत्याबाईंनी तो चाखून ‘‘ही तर आपली चिक्कीच की’’ असा निर्वाळा दिला आणि तो योग्यच होता. फरक मधाचा आहे. लॅव्हेंडरच्या मधाचा किंचित कडवट सुगंध गुळाच्या पाकात येत नाही. प्रोव्हाँसमध्ये नाताळच्या रात्री जे तेरा गोड पदार्थ मांडतात, त्यांत पांढरा आणि काळा असे दोन्ही नूगा हवेतच. ऑलिव्ह तेलाची पोंप नावाची गोड पोळीही त्यात असते. ती सुरीने न कापता हाताने तोडायची, असा दंडक आहे.

ताजी पेस्ट्री हा प्रांत वेगळा आहे, आणि तो अंडे खाणाऱ्यांनी तेथेच उपभोगायचा आहे. रिशेल्म चौकात रोज सकाळी भाजीबाजार भरतो, त्याला लागूनच असलेले वेबेल हे दुकान मला यासाठी शहरात सर्वांत विश्वासार्ह वाटते. फळांचे टार्ट तेथे ऋतूप्रमाणे बदलतात, आणि बाजारात स्ट्रॉबेरी संपली की काचेआडूनही ती दिसेनाशी होते. जानेवारीत गेल्यास तेथील किंवा बेशारमधील राजांचा केक घ्यावा. उत्तर फ्रान्समध्ये जानेवारीतील एपिफनी या ख्रिस्ती सणाला बदामाच्या सारणाचा, पदर सुटलेला केक करतात. दक्षिणेकडे मात्र नारिंगाच्या फुलांच्या अर्काचा सुगंध असलेली ब्रिओशची (लोणी-अंड्यांच्या मऊ पावाची) कंकणाकृती भाकर असते आणि तिच्यावर मुरवलेली फळे बसवलेली असतात. आत चिनी मातीची लहानशी बाहुली लपवलेली असते, तेव्हा कवळी असलेल्यांनी जपून चावावे. अनेक दुकाने सोमवारी बंद असतात, आणि रविवारी सकाळी जेवणानंतरचा केक नेणाऱ्यांची रांग लागते.

चॉकलेटमध्ये शहराजवळच्या प्युरिकारचे नाव मोठे आहे. गुणवत्तेविषयी शंका नाही, पण ही चॉकलेटे लवकर खाऊन संपवायची असतात आणि मार्चनंतर ती मराठवाड्यात आणणे म्हणजे पैसे वितळवणे होय. शिवाय काही प्रकारांत मद्यात मुरवलेला अंजीर असतो, हेही पाहून घ्यावे.

मार्सेय एक्सपासून बसने फार दूर नाही, आणि सां-व्हिक्तोरच्या मठाजवळ 1781 पासून चालू असलेले फूर दे नावेत हे भट्टीचे दुकान त्या फेरीला पुरेसे कारण आहे. नावेत म्हणजे होडीच्या आकाराचे, मधोमध चीर असलेले, नारिंगाच्या फुलांच्या सुगंधाचे कडक बिस्किट. 2 फेब्रुवारीला पहाटेच्या मिरवणुकीनंतर आर्चबिशप या भट्टीला आणि नावेतना आशीर्वाद देतात. त्या दिवशी रांग रस्त्यावर येते, म्हणून निवांत खरेदी करायची असेल तर आठवडाभर पुढे किंवा मागे जावे. हे बिस्किट महिनोन् महिने टिकते, सुटकेसमध्ये फुटत नाही आणि त्याला उन्हाचीही पर्वा नाही. पहिला घास घेताना ते निराश करते, इतके ते कोरडे आणि टणक आहे. तेथे ते कॉफीत बुडवतात, आमच्याकडे ते आल्याच्या चहात बुडवले गेले, पण आल्यापुढे फुलांचा वास टिकला नाही. साध्या, कमी दुधाच्या चहातच ते घ्यावे.