आरएसव्हीची लस, न्यू जर्सीच्या एडिसनमधली फार्मसी आणि आमच्या सासूबाई

लसीला पाच स्टार, काउंटरला तीन. फार्मसीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये.

सासूबाई ७६ च्या, डायबेटिस आणि जुना दमा. डॉक्टरांनी सांगितलं आरएसव्हीची (हा श्वसनाचा व्हायरस) लस घ्या, पण ती मेडिकेअर पार्ट डी मध्ये (ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचा औषधांचा भाग) येते म्हणून आमच्याकडे नाही, फार्मसीत जा. ऑनलाइन अपॉइंटमेंट मस्त झटपट मिळाली, आणि तिथे गेल्यावर इन्शुरन्सच्या कार्डावरून जो घोळ सुरू झाला तो काही संपेना, म्हाताऱ्या माणसाला बसायला खुर्ची एकच आणि तीही ब्लड प्रेशरच्या मशीनची 😅

पण फार्मासिस्ट मुलगी खरंच भारी. आई म्हणाल्या, "अगं हा लहान बाळांचा आजार ना, मला कशाला?" तर तिने मला नीट समजावलं आणि मी त्यांना मराठीत सांगितलं. बाळांना होतो तसा म्हाताऱ्यांनाही होतो, आपल्याला नुसती सर्दी होऊन जाते पण वय झालेल्या माणसात तो छातीत उतरतो, न्यूमोनिया होतो, दमा किंवा हार्टचा त्रास असेल तर तो उसळतो. यावर खास औषध नाही, ऑक्सिजन, सलाइन असंच चालतं. सीडीसीच्या (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था) अंदाजाने अमेरिकेत ६५ च्या वरचे ६,००० ते १०,००० लोक दरवर्षी यानं जातात. आणि घरच्या साध्या कोविड किटवर हा दिसतच नाही, त्यामुळे निगेटिव्ह आलं की आपण निवांत, इथेच फसतात लोक.

अरेक्सव्ही नावाची लस दिली. २०२३ मध्ये मंजूर झालेली, ट्रायलमध्ये पहिल्या सीझनला आरएसव्हीच्या छातीच्या इन्फेक्शनपासून ८२.६ टक्के संरक्षण. सध्या तरी एकच डोस, फ्लूसारखा दरवर्षी नाही. गियाँ-बारेचा (नसांवर परिणाम होऊन हातपाय कमजोर पडणारा आजार) दुर्मिळ धोका असल्याची वॉर्निंग आहे, हे तिने न विचारता सांगितलं, आवडलं. आईंचा दंड दुखला, दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं, मऊ भात खाऊन झोपल्या, मग ठणठणीत.

पार्ट डी मुळे एक डॉलरही लागला नाही. भारतातून व्हिजिटला आलेल्या आईवडिलांसाठी मात्र आधी किंमत विचारा, व्हिजिटर इन्शुरन्स बहुतेक देत नाही आणि रोख तीनशे डॉलरच्या आसपास जातात.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच उरका, थंडीत व्हायरस जोरात असतो आणि फार्मसीत गर्दीही. वीकेंडला तर जाऊच नका, पार्किंग मिळत नाही.