गिअरबॉक्स न उघडताच 24,250 रुपये घेतले: जुनी बुलेट असणाऱ्यांनी वाचाच

गाडी बाबांची. 1984 ची बुलेट 350. उजव्या पायात गिअर, पहिला वर, बाकी तीन खाली. नागपुरात अशा गाडीसाठी मिस्त्री शोधत असाल तर हे वाचल्याशिवाय कोणाला पैसे देऊ नका. लिहायची लाज वाटते आहे. बावीस वर्षं मी लेखा विभागात दुसऱ्यांची बिलं तपासते, आणि स्वतःच्या हातात आलेलं खोटं बिल मी घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

एप्रिलच्या शेवटी त्रास सुरू झाला. सकाळी एका किकमध्ये गाडी चालू. मानेवाड्याहून सीताबर्डीपर्यंत पोचता पोचता फटफटायला लागायची, सायलेन्सरमध्ये बार व्हायचा आणि बंद. वीस मिनिटं सावलीत ठेवली की पुन्हा चालू. शिवाय सिग्नलला न्यूट्रल सापडायचं नाही, क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढे ओढायची. दुसऱ्यातून तिसरा टाकताना मधेच अडकायचा आणि इंजिन नुसतं ओरडायचं.

जाणकारांना एवढ्यावरच कळलं असेल. मला कळलं नाही, कारण हे सगळं बाबा बघायचे. ते गेले त्याला दोन वर्षं झाली, आणि त्यांच्या मिस्त्रींनी दुकान बंद केलं. मी गाडी चालवते, पण कधी खोललेली नाही. नव्या मिस्त्रीचं नाव ऑफिसमधल्याच एकाने सुचवलं होतं. दुकानात तीन जुन्या बुलेट उभ्या होत्या. अशा ठिकाणी कोणाला संशय येईल?

त्याने किक मारली, दोनदा गिअर टाकले आणि म्हणाला, "ताई, गिअर सेट पूरा गेला. हा माल आता इथं भेटत नाही, चेन्नईवरून मागवा लागते. अन् मॅग्नेटची कॉइल जळून राहिली." मॅग्नेटची कॉइल म्हणजे बॅटरी चार्ज करणारी. गिअर सेटचे 14,500 आगाऊ, फोनवरून लगेच पाठवले. आठ दिवसांनी ट्रान्सपोर्टचे 750. मग कॉइल वायंडिंग आणि इग्निशनचे 5,200. शेवटी मजुरी 3,800. एकूण 24,250. बिल साध्या कागदावर पेनाने लिहिलेलं.

आता ज्या क्षणाने मला अजून झोप येत नाही, तो सांगते. गाडी घ्यायला गेले तेव्हा त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेला, दात तुटलेला एक गिअर हातात दिला. "बघा ताई, हा निघाला तुमच्यातून." मी बघितला. मग रुमालाने गिअरबॉक्सच्या झाकणावरची धूळ पुसली. त्या झाकणाच्या प्रत्येक स्क्रूवर लाल नेलपॉलिशची एक रेघ आहे, स्क्रूच्या डोक्यावरून झाकणापर्यंत ओढलेली. नेलपॉलिश माझी, शाळेतली. बाबांनी ती मुद्दाम लावली होती. कोणी स्क्रू फिरवला की रेघ तुटणार आणि त्यांना कळणार. त्या दिवशी सगळ्या रेघा अखंड होत्या. मी त्यांवरून बोट फिरवलं. बाबांची आठवण आली, डोळे भरून आले, आणि मी उरलेले पैसे देऊन टाकले. आतले गिअर बदलायचे तर ते झाकण काढल्याशिवाय कोणाचा बापही बदलू शकत नाही. माझ्या बापाने मला सांगून ठेवलं होतं, मी ऐकलं नाही.

चार दिवस गाडी बरी चालली, कारण त्याने फक्त क्लच केबल ताणून दिली होती. न्यूट्रल सापडायला लागलं, म्हणून मीही खूश. पाचव्या दिवशी वर्धा रोडच्या फ्लायओव्हरवर, मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता, चढावर त्याच जास्त ताणलेल्या केबलमुळे क्लच घसरायला लागला. इंजिन रेस घेतंय, गाडी ओढत नाही, आणि मग तोच बार आणि बंद. फोन केला तर उचलला नाही. नंतर नंबरच ब्लॉक.

महाल भागातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी संध्याकाळी पॉइंटचं (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या स्विचचं) झाकण काढलं, शेडमधला दिवा घालवला आणि मला किक मारायला सांगितली. पॉइंटवर निळीपांढरी ठिणगी फटाफट उडत होती. "कंडेन्सर गेला बेटा. गरम झाला की सोडते." म्हणजे पॉइंटवरची ठिणगी आवरणारा छोटा भाग निकामी. बंद पडण्याचं कारण इतकंच होतं. मग बॅटरी चार्ज होते की नाही ते सांगणारा अँपिअरचा काटा दाखवला. इंजिन रेस केल्यावर काटा चार्जकडे जातो, म्हणजे मॅग्नेटची कॉइल चांगली आहे. तो काटा टाकीपुढे माझ्या डोळ्यांसमोर रोज हलत होता! इंजिन बंद असताना चावी लावून हळू किक दाबली तर पॉइंट मिटले की काटा डिस्चार्जकडे जातो, उघडले की मधे येतो. मधेच मेल्यासारखा राहिला तर आधी पॉइंट साफ करून गॅप बघा, 0.35 ते 0.40 मिमी.

गिअरबॉक्स उघडण्याआधी त्यांनीच मला व्हिडिओ काढायला लावला. रेघा त्यांच्या स्क्रूड्रायव्हरखाली तुटल्या. झाकणामागे स्टॉप प्लेट असते, गिअरचा पाय कुठे थांबेल ते ठरवणारी, ती थोडी सरकलेली होती. नट ढिले करून जागेवर आणली आणि तिसरा गिअर पडायला लागला. चिकटलेल्या क्लच प्लेट सोडवल्या. आतले गिअर जुनेच, दात शाबूत. कंडेन्सर 180, पॉइंट 320, केबल 260, गॅस्केट 60, मजुरी 900. झाले 1,720.

मग मी पोलीस ठाण्यात गेले. दोन तास बाकावर. पहिला प्रश्न, "गाडी कोणाच्या नावावर?" आरसी अजून बाबांच्या नावावर आहे. "मग तक्रार तुम्ही कशी करता?" पैसे माझ्या खात्यातून गेले आहेत, गाडी कोणाची का असेना! "पैसे तुम्ही स्वतःहून पाठवले ना, मग फसवणूक कसली? हे दिवाणी मॅटर आहे." मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 म्हटलं तर साहेब म्हणाले, कलम आम्हाला शिकवू नका, आणि वर "घरातल्या माणसाला पाठवा". गुन्हा दाखल करणं राहिलं बाजूला, अर्जाची पोच मिळवायला मला तीन चकरा मारायला लागल्या. दुसऱ्या एका कार्यालयातल्या बाबूंना पक्कं बिल हवं होतं. चोर पक्कं बिल देतो का? त्या माणसाच्या दुकानात आजही गाड्या उभ्या आहेत, हे त्या सगळ्यांना माहीत आहे.

तुम्ही पैसे पाठवताना "गिअर सेटसाठी" असं फोनवर लिहूनच पाठवा, मी ते लिहिलं होतं म्हणून आज काहीतरी हातात आहे. गाडी द्यायच्या आधी स्क्रूंचे फोटो काढा. कंडेन्सर बदलल्याशिवाय कॉइलचं नावही काढू देऊ नका. आणि गाडी थंड असताना दाखवू नका. तापवून, बंद पडलेली दाखवा.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते. मी तक्रार ऑनलाइन दाखल केली आहे, व्हिडिओ जोडला आहे. तो वर्तमानपत्रातला गिअरही जपून ठेवला आहे. महालातल्या मिस्त्रींनी तो माझ्या गाडीच्या शाफ्टवर लावून बघितला, बसतच नाही. तारीख मिळाली की तो त्याच कागदात गुंडाळून घेऊन जाणार आहे.