बाळाच्या स्वेटरला खरी लोकर की अ‍ॅक्रिलिक?

पुण्यातली थंडी फसवी असते. जानेवारीत पहाटे पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी त्याच अंगणात ऊन चटके देतं. दीड-दोन वर्षांचं मूल दिवसभर पळणार, घामेजणार. म्हणून माझं मत मेरिनो लोकरीच्या, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढ्यांच्या मऊ लोकरीच्या बाजूने आहे. खरी लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही ओली लागत नाही. अ‍ॅक्रिलिक हा कृत्रिम धागा घाम जवळपास शोषतच नाही, त्यामुळे मानेपाशी चिकचिक होते आणि मूल स्वेटर ओढू लागतं.

पण धुण्याचा प्रश्न आला की पारडं फिरतं. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि घासणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटतो. त्यावर उपाय म्हणजे मशीनमध्ये धुता येणारी, प्रक्रिया केलेली मेरिनो. ती महाग पडते, शिवाय लोकर खाणाऱ्या कसरीपासून जपावी लागतेच. अ‍ॅक्रिलिक स्वस्त, रंग भरपूर, वरण सांडलं तरी चिंता नाही. फक्त गरम इस्त्री लावू नका, वीण कायमची लुळी पडते.

कानटोपीसाठी मात्र मी मऊ सुती धागाच घेते. कपाळाला बोचत नाही. बंद आणि गोंडे नकोतच, आणि झोपताना टोपी काढायचीच.

पहिल्यांदाच सुया हातात घेणार असाल, तर अ‍ॅक्रिलिकवर सुलट-उलट टाके बसवा, मग मेरिनो आणा. माप एक वर्ष पुढचं धरा.