पावसाळाभर वापरलेले ब्रेक पॅड आणि डिस्कवरचा गंज : नेरूळचा अनुभव

मे महिन्यात पुढचे पॅड बदलले, आता फेब्रुवारी चालूये, मधे अख्खा पावसाळा गेला म्हणून लिहितोय. साधी हॅचबॅक आहे, पुढे डिस्क ब्रेक (चाकासोबत फिरणारी चकती, तिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात) मागे ड्रम ब्रेक, सोसायटीत उघड्यावरच उभी असते आणि खाडी जवळ असल्याने खारी हवा फुकट मिळते.

पॅड चांगलेच निघाले. सुरुवातीला पहाटे पाम बीच रोडवर हळूहळू ब्रेक दाबत पॅड डिस्कवर नीट बसवून घेतले, त्यानंतर आवाज नाही. अलॉयवर काळी धूळ मात्र भरपूर.

आता गंज. रात्री पाऊस झाला की सकाळी डिस्क नारिंगी, आणि नवीन गाडीवाले लगेच घाबरतात. अहो डिस्क बिडाची असते, ओल लागली की काही तासांत वरवर गंज येणारच, गेटबाहेर पडून चारदोनदा ब्रेक मारले की खरखर करून निघून जातो. त्यावर गंज काढायचा स्प्रे वगैरे अजिबात मारू नका, तेलकट डिस्कवर ब्रेक लागत नाही.

ब्रेक मारूनही गंजाचा पट्टा तसाच राहिला तर मात्र बघा. गणपतीत गाडी बरेच दिवस उभी होती, नंतर डाव्या डिस्कवर असा पट्टा जाईचना. चाक काढलं तर कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना जाम, बाहेरचा पॅड नीट टेकतच नव्हता आणि आतला निम्मा झिजलेला! मोबाइलच्या टॉर्चने चाकातून जो दिसतो तो बाहेरचाच पॅड, तो जाड दिसला म्हणून खूश होऊ नका. ३ मिमीच्या आसपास आला की बदला. पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावून घेतलं, साध्या ग्रीसने रबर फुगतं, त्यामुळे मेकॅनिक कुठला डबा उघडतोय ते उभं राहून बघायचं, थोडं वाईट दिसतं पण चालतं.

पावसात गाडी जास्त दिवस ठेवायची असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागचे ब्रेक शू (ड्रमच्या आत घासणारे पॅडसारखे तुकडे) ड्रमला चिकटतात. सपाट जागा, पहिला गिअर आणि चाकाखाली वीट.

ब्रेक ऑइलची लेव्हल खाली गेली की लोक नुसतं टॉपअप करतात, पण पॅड झिजले की ती उतरतेच, आधी पॅड बघा, मग गळती. हे ऑइल हवेतली ओल पितं. नवीन डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओल शिरली की ती मर्यादा १५५ पर्यंत येते आणि माळशेज घाट उतरताना ब्रेक तापून ऑइल उकळलं की पेडल स्पंजी लागतं. साधारण २ वर्षांनी बदलायचं, माझं येत्या मेमध्ये आहे.