दोन लिटरची बाटली आणि डेअरीचं माप

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, भर खारपाणपट्ट्यात. बोअर मारला तर पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. शहानूर धरणाचं नळाला येतं तेवढंच प्यायचं. म्हणून सायकलवर दोन दिवस भटकायचं ठरलं की आम्हाला तंबूआधी पाणी आठवतं. वाटेत दिसेल त्या हापशाला बाटली लावायची सोय इकडे नाही.

फ्रेमला दोन बाटल्या बसतात, मिळून दीड लिटर. मार्चच्या उन्हात एवढ्यावर भागत नाही. म्हणून घडीच्या बाटल्या घ्यायच्या ठरवल्या. भरल्या की फ्रेम बॅगेत, संपल्या की गुंडाळून खिशात. कल्पना आपल्याला नवी नाही म्हणा. आबांच्या बंडीला कापडी छागल टांगलेली असायची. पाणी कापडातून झिरपायचं, वाऱ्यानं सुकायचं आणि आतलं गार राहायचं. फरक एवढाच की आबांनी छागल बाजारात हातात घेऊन पाहिली होती. मी फोनवर पाहिली.

जाहिरातीत सगळं होतं. टीपीयू या लवचिक प्लास्टिकचं मटेरियल, बीपीए फ्री (म्हणजे बीपीए हे काळजीचं रसायन नाही), दोन लिटर, 28 मिमीचे आटे म्हणजे फिल्टर थेट तोंडावर बसणार. तीन बाटल्या 1,199 रुपयांना. एका नावाजलेल्या परदेशी बाटलीचाच फोटो लावला होता, हे मला नंतर कळलं. कॅश ऑन डिलिव्हरी म्हणून मी निर्धास्त. पार्सलवाल्या पोराचा फोन आला, "भाऊ, ष्ट्यांडवर या, गावात येनं जमत नाही." गेलो. उघडून बघतो म्हटलं तर, "आधी पैसे, मंग पार्सल." दिले.

खरी चूक इथून पुढची, आणि ती माझी. हरभरा निघेपर्यंत कुठं जायचं नव्हतं, म्हणून पुडकं तसंच कपाटावर टाकलं. परत करायची मुदत सात दिवस होती. मी ते उघडलं विसाव्या दिवशी, निघायच्या आदल्या रात्री. शाळेच्या नव्या रेनकोटला येतो तसा वास आला. दोनदा धुतल्या, वाटलं जाईल.

अंजनगाव, पथ्रोट, परतवाडा, धामणगाव गढी आणि मग चिखलदऱ्याचा घाट, असा बेत. परतवाड्याला तिन्ही भरल्या. सहा लिटर पाणी, रात्रीच्या खिचडीसकट पुरेल, असा हिशोब. चढ लागला आणि पाणी हिशोबापेक्षा लवकर आटायला लागलं. मला वाटलं, ऊन जास्त आहे, मीच जास्त पितोय. अर्ध्या घाटात मांडीला ओल लागली. एका बाटलीची खालच्या कोपऱ्यातली शिवण सुटली होती. शिवण म्हणजे दोरा नव्हे, गरम करून चिकटवलेली कड. पाणी बॅगेच्या तळाशी, त्यात पॉवर बँक आणि कांदे-मिठाची पुडी. तिसरीतलं पाणी होतं, पण दुपारपर्यंत तापून त्याला त्या रेनकोटची चव आली होती. एका पिकअपवाल्यानं थांबून कॅनमधलं पाणी दिलं. "एवढ्या उन्हात सायकल कायले?" त्यानं विचारलं. माझ्याकडं उत्तर नव्हतं.

घरी आल्यावर शाबूत बाटली घेऊन डेअरीवर गेलो. लिटरच्या मापानं पाणी ओतलं. एक माप गेलं. दुसरं अर्ध्यावर आलं आणि बाटली गळ्यापर्यंत भरली. दीड लिटर आणि वर दोन घोट. म्हणजे मी सहा लिटर समजून साडेचारच लिटर घेऊन चढलो होतो. डेअरीवाले काका म्हणाले, "लोक आमाले म्हणते दुधात पानी टाकता. यानं तं पान्यातच माप मारलं!"

अकरावी सायन्सच्या भाच्यानं अंगणात आणखी एक प्रयोग केला. तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवायची, बाटलीच्या तुकड्याला टेकवायची, परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर प्लास्टिकमध्ये क्लोरीन आहे. आमची हिरवीगार झाली. टीपीयूमध्ये क्लोरीन नसतं, पीव्हीसीमध्ये असतं. (करायचं तर उघड्यावरच करा, धूर वाईट.)

आणि त्या "बीपीए फ्री"ची गंमत ऐका. बीपीएचा प्रश्न मुख्यतः कडक पॉलीकार्बोनेटच्या बाटल्यांचा. पीव्हीसी मऊ करायला घालतात ती थॅलेट्ससारखी रसायनं वेगळी, आणि काळजी त्यांची. म्हणजे छापलेलं खोटं असेलच असं नाही, पण ते आपल्या कामाचं काही सांगत नाही. मी मात्र ते दोन शब्द वाचूनच भुललो होतो.

विक्रेत्याला लिहिलं तर उत्तर आलं, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. तो कुठून आणू? चार दिवसांनी एकाचा फोन आला, रिफंड देतो, लिंकवर जाऊन यूपीआय पिन टाका म्हणाला. पैसे घ्यायला पिन लागत नाही एवढं ठाऊक होतं, म्हणून फोन ठेवला. पिन टाकून बसला असाल तर वेळ न घालवता 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. मालाची तक्रार मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली. तिथं पहिला प्रश्न आला, विकणाऱ्याचा पत्ता काय? पाकिटावर कुरिअरच्या चिठ्ठीशिवाय काही नव्हतं. पाकीटबंद मालाच्या 2011 च्या नियमांप्रमाणे बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, किंमत आणि तक्रारीचा संपर्क पाकिटावर असायलाच हवा. तो नसतो तेव्हा का नसतो, ते मला त्या फोनवर उमगलं. ग्राहक आयोगात 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपल्या जिल्ह्यातूनच दावा करता येतो आणि एवढ्या रकमेला फी नाही, पण दावा कुणाच्या नावानं टाकायचा?

आता नवी बाटली आली की त्याच दिवशी, फोन समोर टेकवून, पुडकं फोडतो. मापानं पाणी मोजतो. 28 मिमी लिहिलं असेल तर कोल्ड्रिंकच्या बाटलीचं झाकण फिरवून बघतो, त्या तीनपैकी एकीलाही ते बसलं नव्हतं. मग भरून, उलटी करून रात्रभर पेपरवर ठेवतो, वरून तांदळाची पिशवी. सकाळी पाण्याचा घोट घेतो.

मागच्या महिन्यात आलेल्या दोनपैकी एक पास झाली, एक परत गेली. चिखलदऱ्याला पुढच्या वेळी एक घडीची आणि कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या दोन बाटल्या कॅरिअरला बांधून जाणार आहे. त्या गुंडाळता येत नाहीत. खडखड वाजतात. चालेल.