कपाटात बसणारी चिमणी घेताना काय मोजावं

दुकानात पहिला आकडा ऐकायला मिळतो तो हवा खेचण्याचा: ताशी 1200, नाहीतर 1500 घनमीटर. बहुतेक वेळा हा आकडा पाईप न जोडता मोकळ्या हवेत मोजलेला असतो. शिवाय 10 बाय 8 फुटांचं, 9 फूट उंच स्वयंपाकघर म्हणजे अवघी 20 घनमीटर हवा. मोटर सहसा कमी पडत नाही. कपाटात बसवलेली चिमणी फसते, कारण धूर तिच्या तोंडाखाली येतच नाही.

ओटा 24 इंच रुंद असतो आणि वरचं कपाट 12 ते 14 इंच खोल. कपाटाच्या तळाशी सपाट बसवलेली चिमणी भिंतीकडच्या अर्ध्या भागावरच राहते. चार बर्नरच्या शेगडीवर पुढच्या बर्नरवर बोंबील तळायला घ्या: कढईची पुढची कड उघडीच राहते, आणि तिथून उठलेली वाफ कपाटाच्या दाराला घासत छताकडे जाते. सहा महिन्यांनी त्या दाराच्या खालच्या कडेवर बोट फिरवलं की चिकट पिवळा थर हाताला लागतो.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे पुढे सरकणाऱ्या पॅनेलची चिमणी. पॅनेल ओढलं की तोंड साधारण 15 सेंटिमीटर पुढे येतं. जुनी कपाटं तशीच ठेवायची असतील तर हीच घ्या. मात्र तिचे सरकते रूळ तेलाने जड होतात, ते दर महिन्याला पुसावे लागतात. दुसरा उपाय: नवीन ट्रॉल्या करत असाल तर शेगडीवरचं एवढं एक कपाट 18 ते 20 इंच खोल करून घ्या आणि त्यात स्थिर, रुंद तोंडाची चिमणी बसवा. आमचं मत ठामपणे या दुसऱ्या उपायाच्या बाजूने आहे. रुंदी शेगडीपेक्षा कमी नको. 75 सेंटिमीटरच्या शेगडीवर 60 ची चिमणी म्हणजे दोन्ही कडांचे बर्नर उघडे.

उंचीचं माप सुताराला आधीच द्या. कपाटाचा तळ ओट्यापासून 22-24 इंचांवर ठेवायची सवय असते, पण बर्नर आणि चिमणी यांत 65 ते 75 सेंटिमीटर अंतर लागतं. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्या आणि ते कपाट तेवढं आखूड करा. खालची फळी स्क्रूवर हवी. खिळे ठोकून लॅमिनेटने बंद केली तर मोटर काढताना कपाटच फोडावं लागतं. प्लगचा पॉइंटही हात पोचेल असा बाजूला घ्या, चिमणीच्या मागे नको.

पाईपवर सगळ्यात जास्त लक्ष द्या. चिमणीचं हवा बाहेर सोडणारं तोंड 6 इंची असेल तर शेवटपर्यंत 6 इंचीच पाईप हवा. खिडकीतलं भोक लहान आहे म्हणून 4 इंची जोड लावला की हवेची वाट निम्म्याहूनही कमी उरते, आवाज वाढतो आणि धूर मागे फिरतो. ॲल्युमिनियमचा घडीचा पाईप पूर्ण ताणून बसवा, कारण सैल घड्यांत तेल साचतं. वळणं दोनपेक्षा जास्त नकोत. बाहेरच्या टोकाला झडप आणि जाळी नसेल तर पावसाचं पाणी आणि कबुतरं दोन्ही आत येतात.

बिनपाईपची, कोळशाच्या फिल्टरची चिमणी फोडणीच्या स्वयंपाकाला पुरत नाही. ती दमट हवा परत घरातच सोडते आणि फिल्टर काही महिन्यांनी बदलावा लागतो.

‘ऑटो क्लीन’मध्ये हीटर पंख्याभोवतीचं तेल वितळवून वाटीत सोडतो, एवढंच. ती वाटी रिकामी करणं आणि स्टीलचा बॅफल (वाकवलेल्या पट्ट्यांचा) फिल्टर दर पंधरवड्याला गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून 20 मिनिटं भिजवणं, ही कामं तुमचीच. फिल्टर ॲल्युमिनियमच्या जाळीचा असेल तर मात्र त्याला धुण्याचा सोडा लावू नका, जाळी काळी पडते.

बसवणारा माणूस जाण्याआधी खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा, म्हणजे बाहेर गेलेल्या हवेच्या जागी ताजी हवा येईल. मग चिमणी मधल्या वेगावर लावून पेटलेली उदबत्ती कढईच्या उंचीवर, शेगडीच्या पुढच्या कडेला धरा. धुराची रेघ आत वळली नाही, तर त्याच्याकडून पाईपचे जोड पुन्हा उघडून घ्या.