आर्चर सी७ व्ही५ वर ओपनडब्ल्यूआरटी: १०० एमबीपीएसच्या प्लॅनसाठी फायद्याचं, ३०० साठी नाही

टीपी-लिंकच्या या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मोफत, खुलं फर्मवेअर, म्हणजे आत चालणारं सॉफ्टवेअर) टाकल्याने स्पीड वाढत नाही, हे आधीच सांगून टाकतो. फरक पडतो तो लाइन भरलेली असताना. घरात एकजण फोटोंचा बॅकअप चढवतोय आणि दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळतोय, ही तक्रार एसक्यूएम नावाच्या पॅकेजने (भरलेल्या लाइनवरची डेटाची रांग सांभाळणारं जोड-सॉफ्टवेअर) बरीच मिटते. टीपी-लिंकच्या मूळ फर्मवेअरमध्ये त्या तोडीची सोय नाही.

नागपूरच्या बर्डीत किंवा ऑनलाइन जुना नग घेताना खालचं लेबल उलटून वाचा. व्ही२ आणि व्ही५ या हार्डवेअर आवृत्त्यांचे प्रोसेसर वेगळे आहेत, त्यांच्या फाइल्सही वेगळ्या. व्ही५ मध्ये १६ एमबी फ्लॅश (साठवणुकीची जागा) आणि १२८ एमबी रॅम आहे, म्हणजे पुरेशी. घरोघरी दिसणारा डब्ल्यूआर८४१एन मात्र या भानगडीत आणू नका. त्याच्या बहुतेक आवृत्त्यांत ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम असते, आणि तेवढ्यावर नव्या आवृत्त्या चालत नाहीत.

फर्मवेअरची फाइल घेण्याआधी इंटरनेटवाल्याकडून पीपीपीओई चं (जोडणीच्या लॉगिनचं) युजरनेम-पासवर्ड मागून ठेवा. काही केबलवाले मॅक ॲड्रेसही (राउटरचा हार्डवेअर-क्रमांक) बांधून ठेवतात. तसं असेल तर जुन्या राउटरचा मॅक वॅन पोर्टला (जिथे इंटरनेटची तार येते) द्यावा लागतो. मूळ फर्मवेअरवरून जाताना ‘फॅक्टरी’ फाइल घ्यायची, ‘सिसअपग्रेड’ नाही. डाउनलोड झाल्यावर एसएचए२५६ (फाइल बरोबर उतरली का ते सांगणारा आकडा) जुळवून पाहा. लॅपटॉप लॅन पोर्टला केबलने जोडा, राउटर इन्व्हर्टरच्या प्लगवर ठेवा आणि फर्मवेअर अपग्रेडच्या पानावरून फाइल चढवा. मधेच लाइट गेली तर राउटर अर्धवट लटकतो.

तसं झालं तरी तो मेला असं समजू नका. लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ हा पत्ता द्या, टीएफटीपी सर्व्हर (फाइल पुरवणारा छोटा प्रोग्राम) सुरू करा, रीसेट दाबून धरत राउटर चालू करा. तो स्वतःच फाइल ओढून घेतो. फाइलचं नाव ओपनडब्ल्यूआरटीच्या त्या मॉडेलच्या पानावर दिलेलं आहे, तेच जसंच्या तसं हवं. लहान-मोठी अक्षरं चुकली तर काहीच होत नाही, आणि माणूस उगाच राउटरला शिव्या देत बसतो. विंडोजचा फायरवॉलही तेवढा वेळ बंद ठेवा.

नवं फर्मवेअर १९२.१६८.१.१ वर उघडतं. युजर रूट, पासवर्ड रिकामा. वाय-फाय मुद्दाम बंद असतं, त्यामुळे ‘वाय-फाय दिसत नाही’ म्हणून घाबरू नका. आधी पासवर्ड ठेवा, मग देश भारत निवडून दोन्ही रेडिओ (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) सुरू करा. पुढे फायबरचा मोडेमही १९२.१६८.१.१ वरच असेल तर दोघांची टक्कर होते आणि नेट येत नाही. लॅनचा पत्ता १९२.१६८.२.१ करा, की प्रश्न मिटला. ५ गिगाहर्ट्झवर ५२ ते ६४ पैकी चॅनल घेतला तर रडार तपासण्यात साधारण मिनिटभर सिग्नल येत नाही. ३६ घेतला तर ही वाट पाहावी लागत नाही.

एसक्यूएमसाठी सॉफ्टवेअरच्या पानावर याद्या ताज्या करून लुसी-ॲप-एसक्यूएम टाका. इंटरफेस पीपीपीओई-वॅन, पद्धत केक, स्क्रिप्ट पीस ऑफ केक. वेग किलोबिटमध्ये भरायचा असतो: १०० एमबीपीएसला ९०००० पासून सुरू करा, अपलोडचाही तसाच. ओव्हरहेड (प्रत्येक पॅकेटमागचे जादा बाइट) ४४ ठेवा. फ्लो ऑफलोडिंग (डेटा आडवाटेने झटपट पुढे ढकलणारी सोय) चालू असेल तर बंद करा, नाहीतर एसक्यूएम नुसतं नावाला राहतं. एकच ७५० मेगाहर्ट्झचा कोर असल्याने १५०-२०० एमबीपीएसच्या आसपास प्रोसेसर दमतो. ३०० चा प्लॅन घेतला असेल आणि एसक्यूएम हवंच असेल, तर पैसे दुसऱ्या राउटरवर घाला.

जागेबद्दल एकच: खिडकीतल्या कूलरच्या पत्र्यामागे राउटर ठेवू नका. सिग्नल अडतो, आणि ओल्या हवेचा त्रास वेगळाच.

पुढच्या अपडेटला ‘सिसअपग्रेड’ फाइल लागते. सेटिंग राखायचा पर्याय ठेवला तरी वरून टाकलेली पॅकेजेस जातात. एसक्यूएम परत टाकावं लागतं. त्याचे भरलेले आकडे मात्र तसेच सापडतात.